कापड्याच्या पटावरचा अबोला

मी बुद्धिबळाची पंच आहे असं सांगितलं की लोक हमखास विचारतात, "म्हणजे तुम्ही नेमकं करता काय?" क्रिकेटच्या पंचाला निदान बोट तरी वर करता येतं. आम्ही पटांमधून मांजरीच्या पावलांनी फिरतो, कुणाचा मोबाईल वाजला तर डोळे वटारतो आणि डाव संपला की निकाल लिहून घेतो. आमच्या सांगलीत बुद्धिबळाचं वेड जुनं, त्यामुळे तिथे या कामाला थोडीफार किंमत आहे. बाकी ठिकाणी लोकांना आम्ही परीक्षेतल्या सुपरवायझरसारखे वाटतो.

तर अशा मला गेल्या मे महिन्यात सुजाताचा फोन आला. सुजाता ही महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका रसायनांच्या कारखान्यात प्रयोगशाळेत काम करते. सांगलीच्या एका स्पर्धेत ती माझ्याशी एका नियमावरून तावातावानं भांडली होती. नियम माझ्या बाजूनं होता, पण भांडण तिनं छान केलं. तेव्हापासून आमची ओळख.

"मॅडम, माझे वडील कापड्याला शिक्षक होते. पोलादपूर तालुक्यात. त्या गावाची वार्षिक पूजा असते मे महिन्यात, सगळे मुंबईकर गावी येतात. दुसऱ्या गावांत त्या दिवशी क्रिकेटच्या मॅचेस होतात. कापड्याला बुद्धिबळ होतं. गावकरी विरुद्ध मुंबईकर. यंदा आम्हाला बाहेरचा पंच हवाय. कडक."

"कडक कशाला?"

"या तर खरं. मग सांगते."

मी बॅग भरली. कपडे थोडे आणि बुद्धिबळाची घड्याळंच जास्त.

आंबेनळी

महाबळेश्वर सोडून एस.टी. आंबेनळी घाटाला लागली तशी हवा बदलत गेली. वर गार वारा होता, मधे कुठेतरी तो थांबला, आणि खाली जाता जाता गळ्यापाशी घाम चिकटायला लागला. सांगलीचा उन्हाळा भाजून काढतो, पण तो कोरडा. इथला उन्हाळा अंगाला ओल्या फडक्यासारखा लपेटून बसतो. डोंगरावरचं गवत जळून पिवळं झालं होतं आणि त्यात करवंदीच्या जाळ्या तेवढ्या हिरव्यागार. वळणावळणावर बायका पानांच्या द्रोणात करवंदं घेऊन उभ्या होत्या. एका वळणावर गाडी हळू झाली तेव्हा मी खिडकीतूनच एक द्रोण घेतला. पहिलंच करवंद इतकं आंबट निघालं की शेजारच्या मावशी माझा चेहरा बघून हसायला लागल्या. "गोडं खाली असतात गो," त्या म्हणाल्या. "वरची दाखवायची."

पुढच्या वळणावर माझी बॅग वरच्या फळीवरून धाडकन खाली आली. कुणाला लागलं नाही, पण आतली घड्याळं दचकून जागी झाली आणि पिक् पिक् पिक् करायला लागली. एक थांबलं की दुसरं. सगळ्या गाडीची तोंडं माझ्याकडे वळली. कंडक्टरनं दोरी ओढून गाडीच थांबवली.

"मॅडम, बॅगेत काय आहे?"

"घड्याळं आहेत. बुद्धिबळाची."

"बुद्धिबळाला घड्याळ कशाला?"

घाटाच्या कडेला, अर्धी गाडी रस्त्यावर आणि अर्धी कठड्याला टेकलेली, अशा अवस्थेत मी त्या सगळ्यांना समजावून सांगितलं की दोन खेळाडूंचा वेळ वेगवेगळा मोजायचा असतो, चाल केली की कळ दाबायची, मग समोरच्याचा वेळ सुरू. कंडक्टरनं एक घड्याळ हातात घेऊन दोन्ही कळा दाबून बघितल्या. त्याला ते फारच आवडलं. "हे घरी पाहिजे," तो म्हणाला, "नवराबायकोच्या बोलण्याला." गाडी हसली आणि निघाली.

महाड

सुजाताचं घर महाडच्या जुन्या वस्तीत आहे. तिचे वडील, ज्यांना सगळे गुरुजीच म्हणतात, दारातच उभे होते. ऐंशीच्या घरातले, सडसडीत, पांढरा लेंगा-सदरा, आवाज मात्र अजून वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असा. जेवायला तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, सुकटीची चटणी आणि कोकमाचं सार होतं. आमच्याकडे भाकरी म्हणजे ज्वारीची, थापताना तिचा आवाज होतो. ही तांदळाची भाकरी इतकी मऊ की ताटात ठेवताना दुमडली. मी दोन खाल्ल्या, तिसरी गुरुजींनी न विचारता वाढली.

दुपारी माझं भाषण होतं. विषय, बुद्धिबळाचे थोर विजेते आणि त्यांची खेळायची तऱ्हा. बाजाराजवळचा एक छोटा हॉल, भिंतीवर माझ्या डोक्याच्याही वर पुराच्या पाण्याची मळकट रेघ. रंग देताना ती मुद्दाम ठेवली होती की रंगाला दाद देत नव्हती, कोण जाणे. श्रोत्यांत पहिल्या पाळीहून तसेच आलेले कामगार होते, कंपनीच्या बसमधे रोज खेळणारे. काही शिक्षक, दोन-चार कारकून, आणि सुजाताच्या मैत्रिणी.

मी सुरुवात केली ती क्युबातल्या हवानाच्या त्या विजेत्यापासून, ज्याचा खेळ इतका सहज वाटायचा की हरणाऱ्याला आपण कुठे चुकलो ते कळायचं नाही. नाव घेणार, तेवढ्यात पहिल्या खुर्चीवरून गुरुजी म्हणाले, "हवानाकर."

सगळा हॉल हसला. मी थांबले.

"कापड्याच्या पोरांना ती परदेशी नावं पेलायची नाहीत," गुरुजींनी खुलासा केला. "मग मी गावावरून आडनावं लावली. आडनाव लागलं की माणूस ओळखीचा होतो. हवानाकर, मॉस्कोकर, रिगाकर, तिबिलिसीकर, ब्रुकलिनकर, बाकूकर. आणि आपले मद्रासकर."

त्यानंतर मीही तीच नावं घेतली आणि भाषण एकदम सोपं झालं. रिगाकर मोहरी उधळून द्यायचा आणि समोरचा भांबावून जायचा, हे सांगितलं. तिबिलिसीकराचं उलट. स्वतःचा बेत तो नंतर करायचा, आधी समोरच्याच्या मनात काय आहे ते हेरून त्याची वाट बंद करायचा. त्याच्याशी खेळणाऱ्याला वाटायचं, आपण हललोच नाही.

"दोघांत भारी कोण?" एका कामगारानं विचारलं.

"दोघंही जगज्जेते झाले."

"पन आमच्या प्लांटला तिबिलिसीकरच पायजे," तो म्हणाला. "रिगाकर आला तर सगळी वसाहत उडवील."

हशा ओसरल्यावर गुरुजी हळूच म्हणाले, "आता भांडणाचं सांगा."

मी सांगितलं. मॉस्कोकरानं हवानाकराकडून जगज्जेतेपद घेतलं ते अर्जेंटिनात. हवानाकर पुन्हा लढत मागत राहिला, मॉस्कोकरानं ती कधीच दिली नाही. हवानाकर तसाच गेला. मग पुढे फिलिपिन्समधे झालेल्या जगज्जेतेपदाच्या एका लढतीचं सांगितलं. तिथे दोघा खेळाडूंचं इतकं फाटलं होतं की ते हात मिळवेनात, आणि डाव बरोबरीत सोडायचा असला तर तेवढंही एकमेकांना न सांगता पंचामार्फत सांगत.

मला वाटलं होतं इथेही लोक हसतील. पुढच्या रांगेतल्या कापड्याकडच्या काही माणसांनी एकमेकांकडे बघितलं. गुरुजी खाली बघत होते.

ऊन उतरल्यावर ते मला चवदार तळ्यावर घेऊन गेले. रोज संध्याकाळी तिथे जाऊन बसायचा त्यांचा नेम आहे. पाण्यावर उलटं आभाळ पडलं होतं. ते एकदम सुरू झाले.

"मी कापड्याला रुजू झालो तेव्हा माझ्या खोलीतलं पाणी वाडीत कोणी पीत नसे. एक दिवस एक बाई आपली दोन मुलं घेऊन आली. दारात बसली, पाणी मागितलं, प्याली, आणि मग म्हणाली, गुरुजी, ह्यांना तो तुमचा पट शिकवा, दिवसभर एकमेकांना बडवतात. थोरला बाळाराम, धाकटा चंद्रकांत. मी शिकवलं. मग ते पटावर बडवायला लागले. बाळाराम तिबिलिसीकर, चंद्रकांत रिगाकर. एकमेकांशिवाय जेवायचे नाहीत."

बाळाराम गावात शेती करत राहिला. चंद्रकांत मुंबईला गेला, परळच्या एका ऑफिसच्या इमारतीत लिफ्टमन झाला. मग काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात त्यांची आई वारली. त्याच दिवसांत महाडात पाणी भरलं होतं. चंद्रकांत निरोप मिळताच निघाला, पण माणगावच्या पुढे रस्ता बंद. फोन लागत नव्हते. तो चिखल तुडवत पोचला तेव्हा आईला अग्नी देऊन झाला होता. अंगणात उभा राहून सगळ्यांसमोर तो थोरल्याला म्हणाला, तू माझी आई माझ्यापासून चोरलीस.  त्या दिवसापासून दोघांचा अबोला.

"दरवर्षी कोणीतरी युक्ती करून त्यांना वेगवेगळ्या पटांवर बसवतं," गुरुजी म्हणाले. "यंदा मी सुजाताला सांगितलं, पहिल्या पटावर दोन्हीकडचा पहिला खेळाडू, हाच नियम लाव. आणि बाहेरचा पंच आण, कोणाची भीड न धरणारा."

"गुरुजी, त्यातून काही वाईट झालं तर?"

"होईलही," ते म्हणाले. "पण दोघांनाही मी शिकवलं. सगळं शिकवलं. एकमेकांशी बोलायचं तेवढं राहिलं."

कापडे

रविवारी सकाळी आम्ही कापड्याला पोचलो. भातखाचरं मोकळी पडली होती, मधे रोपांसाठी पालापाचोळ्याचा राब भाजल्याचे काळे चट्टे. घराघरांत मुंबईकर उतरलेले, त्यामुळे दोरीवर नव्या चादरी आणि अंगणात चपलांची गर्दी. स्पर्धा शाळेच्या पडवीत होती. गुरुजींना उंबऱ्यापाशी खुर्ची दिली होती.

सुरुवातीलाच मी नियम सांगितले. गावात शह मोठ्यानं म्हणायची पद्धत आहे हे मला सुजातानं सांगितलं होतं. मी म्हटलं, नियमात तशी सक्ती नाही, शेजारच्या पटावर त्रास होतो, तेव्हा गप्प खेळा. लोकांनी माना डोलावल्या. एका आजोबांना ते फारसं पटलं नाही. "शह द्यायचा आनि सांगायचं नाय, ही चोरी झाली," ते पुटपुटले.

मग मी पहिल्या पटाशी आले. बाळारामदादा उंच, रापलेले, बंडी आणि टोपी, मोहरं उचलताना बोटं अशी जपून वापरत होते जणू ते रोप आहे. समोर चंद्रकांत, इस्त्रीचा शर्ट, चष्मा, खिशाला पेन. दोघांची नाकं मात्र एका साच्यातली.

"हात मिळवा," मी म्हटलं.

दोघांनी आपापले घोडे नीट केले, उंट नीट केले. हात काही पटावरून उठले नाहीत. मी थोडी थांबले आणि घड्याळ सुरू केलं.

चंद्रकांत खरोखरच रिगाकर होते. डाव पुरता उलगडायच्या आत त्यांनी घोडा देऊन टाकला आणि वजीर, उंट घेऊन थोरल्याच्या राजावर चाल करून गेले. बघणारे पुढे सरकले. बाळारामदादा हलले नाहीत. एकेक वाट बंद करत गेले, एक प्यादं इथे, हत्ती तिथे, शेवटी घोडाही परत देऊन वजीर मारामारीत काढून टाकला. मी अनेक स्पर्धा पाहिल्या आहेत, पण आपला समोरचा पुढे काय करणार हे इतकं अचूक ओळखून खेळणारी माणसं थोडी. अर्थात, इथे ओळखण्याचा प्रश्नच नव्हता. एकाच ताटात जेवलेली माणसं ती.

मधे जेवणाची सुट्टी झाली. पंगतीत भात, आमटी, काळ्या वाटाण्याची उसळ आणि पूजेचा शिरा. मी पोळी कधी येते याची वाट बघत बसले, कारण आमच्याकडे भात शेवटी येतो. पुन्हा भात आला. मग ताक आणि भात. माझी फजिती बाळारामदादांच्या बायकोनं, सुमनवहिनींनी ओळखली. "मॅडम, हितं भातानंच सुरू आनि भातानंच संपतं," त्या म्हणाल्या, आणि माझ्या पानात आणखी वाढला. मग आवाज उतरवून विचारलं, "बोलले का काय दोघं?" मी नकारार्थी मान हलवली. त्या वाढपाचं पातेलं घेऊन पुढे गेल्या. पंगतीच्या दोन टोकांना दोघं भाऊ मान खाली घालून जेवत होते.

दुपारनंतर एकेक डाव संपत गेले. हिशेब बरोबरीत येऊन थांबला आणि पहिला पट तेवढा उरला. सगळा गाव पडवीच्या कडेला जमला, पण आवाज नाही. पटावर आता चंद्रकांतकडे राजा, हत्ती आणि एक प्यादं. बाळारामदादांकडे राजा आणि हत्ती.

एक प्यादं जास्त म्हणजे चंद्रकांत जिंकणार असं कुणालाही वाटेल. पण पटावरची ही मोडणी जुनी आहे आणि नीट खेळली तर बरोबरीची आहे. आपला राजा प्याद्याच्या वाटेत ठेवायचा आणि हत्ती आपल्याकडून तिसऱ्या ओळीत आडवा उभा करायचा. समोरच्याच्या राजाला पुढे यायला वाटच उरत नाही. बाळारामदादांनी तेच केलं होतं. चंद्रकांत हत्ती या टोकाला नेत, दादा आपला हत्ती ओळीतच इकडून तिकडे सरकवत. परत तेच.

दोघांनाही हे ठाऊक होतं, कारण हे त्यांना शिकवणारा माणूस उंबऱ्यापाशी बसला होता. अशा वेळी शहाणे खेळाडू एकमेकांना विचारतात, बरोबरी? समोरचा हो म्हणतो, डाव संपतो. पण त्याला तोंड उघडावं लागतं.

काही वेळानं बाळारामदादांनी मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. "मॅडम, त्याला इचारा. बरोबरी पायजे का."

सगळ्यांच्या नजरा माझ्यावर. फिलिपिन्समधल्या त्या पंचानं जे केलं ते मला करता आलं असतं. एक वाक्य इकडून तिकडे न्यायचं, निकाल लिहायचा, शिरा खाऊन घरी. कुणी मला नावं ठेवली नसती. पण मला तळ्याकाठचे गुरुजी आठवले, आणि नियमही माझ्या बाजूनं होता.

"दादा, प्रस्ताव खेळाडूनं खेळाडूला द्यायचा असतो," मी म्हटलं. "मी निरोप नेणार नाही."

आवाज मला स्वतःलाच कोरडा वाटला. पडवीत कुणीतरी च्च् केलं. बाळारामदादांचे कान लाल झाले. त्यांनी पुन्हा मान खाली घातली आणि हत्ती सरकवला.

आता माझ्यापुढे वेगळाच पेच होता. घड्याळ प्रत्येक चालीला थोडे सेकंद देत होतं, म्हणजे वेळ संपून सुटका नव्हती. तीच मोडणी तिसऱ्यांदा आली की खेळाडू बरोबरी मागू शकतो, पण तीही मागावी लागते, आणि मागितली कुणीच नाही. पाचव्यांदा आली की पंचानं स्वतःहून डाव थांबवायचा असतो. तिथे माझी इच्छा चालत नाही. मी मनाशी मोजत होते. चौथ्यांदा आली. पुढच्या फेरीत मला निकाल जाहीर करावा लागणार होता, मग दोघं दोन वाटांनी उठून जाणार, आणि पुढच्या वर्षी कोणीतरी पुन्हा युक्ती करून त्यांना लांब बसवणार. मी एक पाऊल पुढे आले. गुरुजींकडे बघवलं नाही.

चंद्रकांतनी हत्तीला हात लावायला बोटं नेली, मधेच थांबवली, आणि प्यादं एक घर पुढे ढकललं.

पडवीत कुजबूज झाली. ते प्यादं आता त्या तिसऱ्या ओळीतच जाऊन बसलं होतं, त्यामुळे चंद्रकांतच्या राजाला लपायला आडोसा उरला नाही. आता दादांनी काय करायचं तेही ठरलेलंच आहे. हत्ती तिथून काढायचा, पटाच्या पार दुसऱ्या टोकाला न्यायचा आणि पाठीमागून शह देत राहायचा. दादांनी हत्ती उचलला, लांब नेला, ठेवला. चंद्रकांतनी एक चाल केली. दादांनी हत्ती राजाच्या रेषेत आणला.

"शह," ते म्हणाले.

अगदी हळू, सवयीनं, श्वास सोडल्यासारखं. म्हणाल्यावर स्वतःच दचकले. खांबाला टेकून उभ्या असलेल्या सुमनवहिनींचा हात तोंडाशी गेला.

चंद्रकांतनी राजा हलवला. दादांनी हत्ती.

"शह."

पुन्हा राजा. पुन्हा हत्ती. "शह." या वेळी आवाज जरा मोठा होता.

"किती शह देशील रे दादा?" चंद्रकांत पटाकडे बघतच म्हणाले.

"तू थांबशील तवर," बाळारामदादा म्हणाले.

"मग बरोबरी."

"बरोबरी."

मी घड्याळ थांबवलं. नियमाप्रमाणे हात मिळवायचे असतात, पण दोघांपैकी कुणाचा हात पुढे आला नाही.  मग चंद्रकांतनी चष्मा काढला.

"आईसाठी थांबायचं होतंस रे."

"थांबलो होतो," बाळारामदादा म्हणाले. "रातभर थांबलो. सकाळी परत पाऊस सुरू झाला. ओढ्याचं पानी वाटेवर चढत होतं, लाकडं भिजाय लागली. तुझा फोन लागंना. आईला किती येळ तशीच ठेवू, सांग ना?" त्यांनी बायकोकडे बघितलं. "तुझ्या नावचं लाकूड मी माझ्या हातानं ठेवलं. हे चंदूचं, असं बोलून ठेवलं. इचार हिला."

सुमनवहिनींनी पदर डोळ्यांना लावून मान डोलावली.

"हे मला कधी सांगितलं नायस."

"तू बोलत होतास का?"

चंद्रकांत चष्मा शर्टाला पुसत राहिले, काच कधीच स्वच्छ झाली होती तरी. गुरुजी खुर्चीतून उठले, काठी टेकली आणि वर्गातल्या आवाजात म्हणाले, "चला रे सगळे. चहा झालाय." सगळा गाव मुकाट्यानं त्यांच्यामागे गेला. मीही गेले. निकालाच्या कागदावर त्यांच्या सह्या घ्यायच्या राहून गेल्या आणि मी त्या आजतागायत घेतलेल्या नाहीत.

माझा मुक्काम बाळारामदादांकडेच होता. दिवेलागणीला ओटीवर पट मांडला गेला आणि दोघं भाऊ तो डाव पहिल्या चालीपासून पुन्हा खेळायला बसले. घोडा कशाला दिलास, उंट तिथं नेला असतास तर मेलो असतो, छे, नेऊन बघ. बाहेरच्या माणसाला भांडण वाटावं. सुमनवहिनींनी मला आत पाटावर बसवून वाढलं. आमटीत मीठ दुप्पट होतं.

"खारट झालीय ना?" त्यांनी विचारलं. "ह्यांचे दोघांचे आवाज ऐकत घालत बसले, मला वाटतं दोनदा घातलं."

मी सगळी आमटी संपवली.

सोमवार सकाळ

परतीची एस.टी. फाट्यावर मिळणार होती. माझी घड्याळांची बॅग चंद्रकांतनी उचलली. "आयुष्य लिफ्टमधे गेलं मॅडम, वर आनि खाली," ते वाटेत म्हणाले. "पुढं-मागं काय ते पटावरच."

मला एक विचारल्याशिवाय राहवेना. "ते प्यादं का ढकललंत? हत्ती नुसता हलवत राहिला असतात तरी बरोबरीच होती."

ते हसले. "हत्ती हलवत राहिलो असतो तर तुम्ही डाव थांबवला असता. तुम्ही पुढं आलात ते मी बघितलं ना. प्यादं ढकललं की दादाला शह द्यायला लागणार. आनि लहानपनापासूनचं सांगतो, दादाला शह गप देता येत नाय. चोरी केल्यासारखं वाटतं त्याला." मग म्हणाले, "मला आधी बोलता आलं नसतं, मॅडम. त्या दिवशी अंगणात बोललो ते फार वाईट बोललो होतो."

फाट्यावर पोचलो तर मागून बाळारामदादा आले, पिशवीत रायवळ आंबे. त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली आणि भावाकडे वळले. "रात्री झोपल्यावर आठवलं. तू हत्ती कोपऱ्यात ठेवला होतास ना, त्याच्या आदल्या चालीला मी वजीर मारायलाच नको होता."

"नको कसा? नसतास मारला तर तिकडून उंट आला असता."

"कुठनं आला असता? माझं प्यादं नव्हतं का तिथं?"

"कुठलं प्यादं?"

दादांनी एक काटकी उचलली, खाली बसले आणि मातीत चौकोन आखायला लागले. चंद्रकांतही उकिडवे बसले, इस्त्रीची पँट धुळीत. जाळीखालची करवंदं झाली घोडे, खडे झाले हत्ती. मीही वाकले, कारण तो उंट खरंच येत होता की नाही हे मला कळेना. माझ्या मते येत होता. मी तसं म्हटल्यावर दादा माझ्यावरच उखडले.

मागून हॉर्न वाजला, धुरळा उडाला, आणि मान वर करेपर्यंत महाबळेश्वरची एस.टी. वळणावरून वर निघून गेली होती.

आम्ही तिघंही तिच्याकडे बघत उभे राहिलो.

"आता पुढची दुपारी," बाळारामदादा म्हणाले. त्यांना फारसं वाईट वाटलेलं दिसलं नाही. "चला मॅडम. घरी पट हाय. तिथं मांडून दाखवतो ह्याला."

"दाखवच तू," चंद्रकांत म्हणाले, आणि माझी बॅग उचलून पुढे चालायला लागले.